आठव्या दिवसाचं पाणी

हेमा कर्णिकने आयुष्यात एकच मोठं खोटं लिहिलं, तेही आधी पेन्सिलीने.

१९८६च्या ऑक्टोबरात डोंबिवलीच्या एका कॉलेजच्या गच्चीवर तिच्या साठ कुंड्या होत्या. हेमा तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि ठाण्याला कोपरीत वडिलांसोबत राहायची. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. पीएच.डी.साठी तिने ओलं किराईत घेतलं होतं. ताप आला की ज्याचा काढा पोरांना नाक दाबून पाजतात, तेच. पाणी तोडलं की हे झाड काय करतं, त्याचा कडूपणा वाढतो की घटतो, एवढंच तिला शोधायचं होतं. कडूपणातच त्याचं औषध असतं.

वीस कुंड्यांना रोज पाणी. वीस कुंड्यांना चौथ्या दिवशी. उरलेल्या वीस कुंड्यांना आठव्या दिवशी. बिया एकाच पुडीतल्या, माती एकाच ढिगातली. पाऊस संपल्यावर पाणी तोडायला सुरुवात केली, आणि सकाळ-संध्याकाळ ती वहीत नोंदी करू लागली.

रोज पाणी मिळणारी झाडं दोन-तीन आठवड्यांत मऊ, हिरवीगार, लठ्ठ झाली. चौथ्या दिवसाची झाडं वेगळीच वागली. त्यांनी पानं लहान केली, जाड केली. दुपारच्या उन्हात ती पानं कडेने वळवून घ्यायची आणि सूर्य उतरला की पुन्हा उलगडायची. एक झाड उपटून बघितलं तर मुळी कुंडीच्या तळाला जाऊन गोल फिरली होती. पाणी शोधत खाली गेली होती. त्याचं एक पान हेमाने जिभेवर ठेवलं आणि दोन तास तिला चहाची चव लागली नाही.

आठव्या दिवसाच्या कुंड्यांनी पहिला आठवडा कसाबसा काढला. पाचव्या दिवसापासून संध्याकाळी पानं उलगडेनाशी झाली. आठव्या दिवशी पाणी घातलं तेव्हा निम्मी झाडं उठली. पुढच्या आठवड्यात ऑक्टोबरचं ऊन असं तापलं की गच्चीवर चप्पल चिकटायची. सोळाव्या दिवशी हेमा झारी घेऊन वर गेली, तर वीसच्या वीस कुंड्यांत काटक्या उभ्या होत्या. तिने तरी पाणी घातलं. तीन दिवस वाट पाहिली. काही झालं नाही.

प्रयोगशाळेतला शिपाई भगवान तिच्यामागे येऊन उभा राहिला. तो डोंबिवलीजवळच्या कोपरला राहायचा, चाळिशीचा होता, आणि साठ कुंड्यांची माती त्यानेच जिन्याने वर चढवली होती.

"ही वीस गेली, मॅडम," तो म्हणाला. "रिकाम्या करू का?"

"करा," हेमा म्हणाली.

झाडं मेली, हे काही वाईट घडलं नव्हतं. तेही उत्तरच होतं. चार दिवसांचा ताण झाड सोसतं आणि कडू होतं. आठ दिवसांचा ताण सोसत नाही, मरतं. एवढं एक वाक्य लिहायला हवं होतं. पण तिच्या गाइडने तिसऱ्या गटाचा आकडा हवाच म्हणून सांगितलं होतं. तो नसेल तर पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा प्रयोग, म्हणजे आणखी एक वर्ष. कॉलेजात विभागप्रमुखाची जागा रिकामी होणार होती. आणि कोपरीत वडिलांनी अख्ख्या बिल्डिंगला सांगून ठेवलं होतं की आमची हेमा आता डॉक्टर होणार, पण सुईवाली नाही, पुस्तकवाली.

नोव्हेंबरात तिने दोन गटांची पानं सावलीत वाळवली, कुटली, अर्क काढला, मोजला. रोज पाणी मिळालेल्या झाडांत कडू द्रव्य निघालं शंभरात एक पूर्णांक आठ. चौथ्या दिवसाच्या झाडांत दोन पूर्णांक पाच. तिने आलेखाच्या कागदावर दोन ठिपके काढले. मग त्या दोन ठिपक्यांवर पट्टी ठेवली आणि पुढे रेघ ओढली. रेघ तीन पूर्णांक दोनवर पोचली. तिथे तिने तिसरा ठिपका पेन्सिलीने काढला. थोडा वेळ बघत बसली. मग रेघ फारच सरळ दिसते म्हणून तो खोडून जरा खाली, तीन पूर्णांक एकवर काढला.

तो खोडून पुन्हा काढलेला ठिपका तिला पुढे फार छळणार होता. पहिल्यांदा काढला त्याला मोह म्हणता आलं असतं. पुन्हा काढताना ती विचार करत होती.

प्रबंध मंजूर झाला. बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं त्या तिसऱ्या आकड्याचं कौतुक केलं. वडिलांनी दारावर पितळी पाटी लावली, 'डॉ. हेमा कर्णिक', आणि आठवड्यातून एकदा ते ती चिंच लावून घासू लागले. हेमा विभागप्रमुख झाली. गच्चीवर मात्र ती जाईनाशी झाली.

१९८९च्या सप्टेंबरात औषधी झाडं लावणाऱ्यांच्या एका मंडळाने तिला भाषणाला बोलावलं. कोपरला एका शाळेच्या हॉलमध्ये तीसेक माणसं जमली होती. बरीचशी आसपासच्या गावांतली, काही शीळफाट्याकडून आलेली. कल्याणचा एक औषधवाला किराईत विकत घेऊ लागला होता आणि कडू माल त्याला जास्त हवा असायचा. हेमाने फळ्यावर तोच आलेख काढला. चार दिवसांपाशी ती थांबू शकली असती. पण आलेख तिला पाठ होता, हात आपोआप पुढे गेला.

"म्हणजे पाणी जितकं लांबवाल, तितका कडूपणा वाढतो," ती म्हणाली. "आठव्या दिवशी पाणी दिलेल्या झाडांत तो सगळ्यात जास्त होता."

मागच्या रांगेतून एक माणूस उभा राहिला. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, हातात शाळकरी वही. "बाय, येक इचारतो," तो म्हणाला. "आठव्या दिशी म्हंजी मदी येकदा पन पानी नाय द्याचा?"

"एकदाही नाही," हेमा म्हणाली.

तो खाली बसला आणि त्याने वहीत लिहून घेतलं. त्याचं नाव कान्हा. देसाईच्या खाडीत त्याच्या घराने पिढ्यान्‌पिढ्या मासे धरले होते. खाडीचं पाणी काळं झालं, मासा गेला, तशी त्याने आणि त्याच्या बायकोने गावाबाहेरच्या आपल्या तुकड्यावर किराईत लावलं होतं. हे हेमाला नंतर कळलं.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी भगवान स्टाफरूममध्ये आला. "मॅडम, खाली दोघं आलीयेत. नवरा-बायको. शीळफाट्याकडची. तुम्हालाच भेटायचं म्हणतात."

हेमाने त्यांना प्रयोगशाळेत बसवलं. कान्हा स्टुलाच्या कडेला बसला. त्याची बायको सगुणा बसलीच नाही. तिने प्लास्टिकच्या पिशवीतून वाळलेल्या काटक्यांची जुडी काढून टेबलावर ठेवली. हेमाने ती ओळखली. अशाच काटक्या तिने गच्चीवर पाहिल्या होत्या.

"बाय, आमचा सगला किराईत जलला," सगुणा म्हणाली. "येक झार नाय राहिला. आमी भांडायला नाय आलो हां. आमचा काय चुकला ते इचारायला आलो."

हेमाने काटकी उचलली, मोडली, आतून बघितली. बघण्यासारखं काही नव्हतं. तिला वेळ हवा होता.

"पाणी कसं दिलंत?" तिने विचारलं.

"त्येच तर," सगुणा म्हणाली. "ह्यो बोलला आठव्या दिशी. मी बोलले, अरे येरा झालास का, आठ दिस कोन तहानेला राहतो? तर ह्यो बोलतो, बाय बोलली. विहीर भरलेली व्हती, बाय. पानी व्हता. डोल्यासमोर झारा मरत व्हती आनि ह्यो मला हंडा उचलू देत नव्हता." ती जरा थांबली, मग आवाज उतरवून म्हणाली, "ह्याला डाव्या कानाला आयकू कमी येतं. मला वाटतं तुमी चार बोल्लेल्यात. ह्याने आठ आयकला. चारच बोल्लेल्यात ना?"

कान्हाने वही उघडली आणि पान टेबलावर सरकवलं. मोठ्या, वळणदार अक्षरांत लिहिलं होतं: आठव्या दिवशी पाणी. मध्ये एकदाही नाही.

हेमाने ते वाचलं. दाराशी भगवान चहाचे ग्लास घेऊन उभा होता. पुढे कितीतरी वर्षं तिला तो क्षण जसाच्या तसा आठवायचा. तिला कोणी घाई केली नव्हती. खरं सांगण्याइतका वेळ तिच्याजवळ होता. आणि समोरच्या बाईने तर तिच्यासाठी दार उघडूनच ठेवलं होतं, त्यातून फक्त बाहेर पडायचं होतं.

"चार," हेमा म्हणाली. "मी चारच म्हणाले होते."

सगुणाने कपाळावर हात मारला. "बगितलास? बगितलास काय केलास ते? लिवून पन घेतलास ते चुकीचा!"

कान्हा हेमाकडे बघत राहिला. रागाने नाही. खाडीत जाळं टाकलं आणि ते हलकं वर आलं की माणूस बघतो, तसं. मग त्याने वही मिटली, काखेत धरली आणि म्हणाला, "आसंल."

जाताना सगुणाने हेमाचे दोन्ही हात धरले. "माफ करा बाय, तुमचा टाइम घेतला. आमचाच मानूस येरा." ती हेमाची माफी मागत होती. हेमाने तिला मागू दिली.

ती दोघं गेल्यावर भगवानने कोणीच न घेतलेला चहा उचलला. जाता जाता, हेमाकडे न बघता तो म्हणाला, "तो माणूस बहिरा नव्हता, मॅडम. त्या दिवशी हॉलमध्ये मी पण आलेलो, खुर्च्या लावायला."

भगवानने पुन्हा तो विषय काढला नाही. तो पूर्वीसारखाच वागायचा, वेळेवर यायचा, काचेचं सामान धुवायचा. फक्त वर्गात ती प्रयोगाची नोंद कशी ठेवावी हे शिकवू लागली की तो हातातलं काम ठेवून बाहेर जायचा. हे तिच्या लक्षात यायला सहा महिने लागले. लक्षात आल्यावर तो बाहेर गेला की तिचं वाक्य अडू लागलं.

पुढच्या पावसाळ्यात तिने ठरवलं, आपण त्यांची भरपाई करू. न सांगता. तिने कॉलेजच्या रोपवाटिकेत किराईताची रोपं केली, दोन टोपल्या भरल्या आणि जुलैच्या एका रविवारी शीळफाट्यापर्यंत बसने जाऊन तिथून गाव विचारत निघाली. रस्त्यात टपरीवर दोन माणसं बसली होती.

"कान्हाचं घर कुठे?" तिने विचारलं.

"कंचा कान्हा? आठ्या काय?"

तिला आधी कळलंच नाही. "आठ्या?"

दुसरा हसला. "त्याचाच नाव परलाय. डोंबिवलीची बाय चार बोलली, ह्यो आठ आयकून आला आनि सगला किराईत जालून टाकला. आता कोन काय पन बोलला का आमी बोलतो, आठ्याला इचारा, त्याने काय आयकला. त्यो बगा, चिंचंच्या मागं त्याचा घर."

परत फिरावं असं हेमाच्या मनात आलं. टपरीवरची माणसं बघत होती, म्हणून ती पुढे गेली. तिचं धैर्य तेवढंच होतं.

सगुणाने तिला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, रोपं बघून तिला भरून आलं. "येवढ्या लांब आलात बाय आमच्यासाठी," ती सारखी म्हणत होती. कान्हा कोपऱ्यात जाळं शिवत बसला होता. आता मासा नव्हता, तरी जाळं शिवत होता.

"रोपं कुठे लावायची, यांना विचारा ना," हेमा म्हणाली.

"त्याला काय इचारायचा?" सगुणा म्हणाली. "आता सगला मीच बगते. बाजार मी, बियाना मी. पंचाईतीत कोन आला तरी मीच जाते. हा चुकीचा आयकून येल." ती हे चिडून बोलली नाही, सवयीने बोलली. कान्हाची सुई थांबली नाही.

हेमा परतली. आठवडाभर तिला जेवण गेलं नाही. वडिलांनी विचारलं, बरं नाही का? तिने पित्त सांगितलं. दारावरची पाटी ओलांडून घरात शिरताना ती मान खाली घालू लागली, जशी कोणी वडीलधारं माणूस दारात बसलेलं असावं. आपण एका माणसाचा कान बहिरा केला, हेच तिच्या मनात येई. कान चांगला होता. त्याने ऐकलेलं बरोबर होतं. समजून घेण्यासाठी पुन्हा विचारणारा त्या हॉलमधला तो एकटाच माणूस होता, आणि त्यालाच तिने गावात आडनावासारखं एक नाव लावून दिलं होतं.

गणपती झाले, दसरा झाला. पुन्हा ऑक्टोबरचं ऊन पडलं. एका शनिवारी कॉलेज सुटल्यावर ती कोपरीला न जाता पुन्हा शीळफाट्याच्या बसमध्ये बसली.

कान्हा एकटाच मळ्यात होता. तिने आणलेली रोपं आता गुडघ्याएवढी झाली होती आणि तो हंड्याने त्यांना पाणी घालत होता. तिला बघून त्याने हंडा खाली ठेवला.

"सगुना बाजारात गेलीया," तो म्हणाला.

"मला तुमच्याशीच बोलायचंय."

तो बांधावर बसला. हेमा उभीच राहिली. बसमध्ये अख्खी वाटभर तिने वाक्यं जुळवली होती, त्यांतलं एकही आठवेना.

"मी आठच म्हणाले होते," ती म्हणाली. "तुम्ही बरोबर ऐकलं होतं. बरोबर लिहिलं होतं. आणि तेही खरं नव्हतं. माझी आठ दिवसांची झाडं मेली होती. सगळी. मी आकडा खोटा लिहिला."

मळ्याच्या टोकाला एक बगळा उतरला होता, तो उडून जाईपर्यंत कान्हा त्याच्याकडे बघत राहिला.

"आठ बोल्लात ते मला म्हाईत व्हता," तो शेवटी म्हणाला. "झारा मेलती ते नव्हता म्हाईत." मग म्हणाला, "मला वाटला, ह्या बायचा बरोबर आसंल, आपलीच माती खोटी."

"तुम्ही तेव्हा बोलला का नाही? वही होती तुमच्याकडे."

"कोनाला बोलू? तुमी डाक्टर. मी कोली मानूस. वही मीच लिवलेली." त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. "घरची बायको मानंना, तं वहीला कोन मानंल?"

हेमाला रडू आलं. ती रडतेय हे बघून तो अस्वस्थ झाला, आणि त्याला अस्वस्थ केल्याची तिला आणखी लाज वाटली. तिने डोळे पुसले. "मी माफी मागते," ती म्हणाली.

"हितं नको मागू," कान्हा म्हणाला. तो तिला अहोजाहो करायचं विसरला होता. "हितं कोन हाय आयकाला? बगला? त्या हालमदी बोललीस ना, तितं बोल. त्याच मानसांम्होरं."

तिने होकाराची मान हलवली.

"आनि सगुनाला आदी सांगू नको," तो म्हणाला. "तिला तितंच आयकू दे."

१९९१च्या जानेवारीत मंडळाची पुढची सभा होती. हेमाने दोन शब्द बोलायला वेळ मागितला. मंडळाच्या सखाराम नावाच्या चिटणीसाने आनंदाने दिला, कारण डॉक्टर बाई स्वतःहून येतायत. तोच हॉल, तोच फळा. भगवान खुर्च्या लावत होता. कान्हा आणि सगुणा मधल्या रांगेत बसली होती.

हेमाने फळ्यावर दोन ठिपके काढले आणि खडू ठेवून दिला. मग तिने सांगितलं. वीस कुंड्या, सोळा दिवस, पट्टी, पेन्सिल. तीन पूर्णांक दोन खोडून तीन पूर्णांक एक केल्याचंही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती, पण ते वगळलं असतं तर बाकीचं सांगितल्यासारखं तिला वाटलं नसतं. शेवटी ती म्हणाली, "या हॉलमध्ये कान्हांनी उभं राहून मला पुन्हा विचारलं आणि मी आठ दिवसच सांगितलं. त्यांचं पीक गेल्यावर मी ते फिरवलं. त्यांच्या कानात दोष नाही. दोष माझा आहे."

हॉलमध्ये कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. एक म्हातारा उभा राहिला. "मग त्या चार दिसांचा तरी खरा हाय का?"

"ते खरं आहे. मी मोजलंय."

"कशावरून?" म्हातारा म्हणाला, आणि खाली बसला.

तो आकडा खरोखरच खरा होता. महिनाभर उन्हात उभं राहून तिने तो मिळवला होता. पण आता त्याच्यावरही कोणी विश्वास ठेवणार नव्हतं, आणि न ठेवणारे बरोबर होते. सखाराम घाईघाईने उठला आणि पुढच्या वक्त्याचं नाव पुकारू लागला.

बाहेर फाटकाशी हेमाने सगुणाला गाठलं. कान्हा पुढे रिक्षा बघायला गेला होता. सगुणाचा चेहरा राखेसारखा झाला होता. ती शिव्या देईल अशी हेमाने तयारी ठेवली होती.

"तुमी खोटा बोल्लात ते येकदा," सगुणा म्हणाली. "मी त्याला वरीसभर बोलले. चारचौघांत बोलले. जेवताना बोलले. त्याच्या भावाम्होरं बोलले का हा बहिरा हाय, ह्याचा आयकू नका." तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "त्याने येकदा पन सांगितला नाय का बाय खोटी हाय. आता मी घरी जाऊन काय तोंड दाखवू त्याला, ते सांगा. तुमचा झाला मोकला. माझा काय?"

हेमाने तिचा हात धरायला हात पुढे केला. सगुणाने पदर सावरायचं निमित्त करून तो चुकवला आणि रिक्षाकडे गेली. रिक्षात ती आणि कान्हा दोन टोकांना बसली, मध्ये पिशवी ठेवून.

त्या महिन्यात हेमाने विद्यापीठाला पत्र लिहिलं. गाइडने तिला बोलावून घेतलं, दार लावलं आणि विचारलं, "वेड लागलंय का? कोण बघणार होतं?" समिती बसली, दीड वर्ष चालली, आणि पदवी काढून घेतली गेली. विभागप्रमुखपद गेलं, नोकरी वाचली. ती खालच्या वर्गांना शिकवू लागली. काही सहकारी तिच्याशी जास्त मायेने बोलू लागले, ते तिला सगळ्यात अवघड गेलं. भगवान मात्र आता तिच्या तासाला प्रयोगशाळेतच थांबायचा, पाठमोरा, परीक्षानळ्या पुसत.

वडिलांना तिने स्वतः सांगितलं. ते आरामखुर्चीत बसून ऐकत राहिले. मग स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दाराशी गेले. पाटीचे चार स्क्रू निघाले, पण भोकं राहिली. शेजारच्यांनी विचारलं तर काय सांगायचं, एवढंच त्यांनी विचारलं. हेमा म्हणाली, खरं सांगा. ते म्हणाले, "मला नाही जमणार, हेमा." त्यानंतर चार वर्षं ते जगले, आणि त्या काळात त्यांनी बिल्डिंगखालच्या कट्ट्यावर बसणं सोडून दिलं.

गावाकडची बातमी तिला अधूनमधून सखारामकडून मिळायची. कान्हा पुन्हा मंडळाच्या सभांना येऊ लागला होता, पुढच्या रांगेत बसायचा. किराईत त्याने चौथ्या दिवसाच्या पाण्यावर काढलं होतं, कुणाच्या भरवशावर नाही, आधी एका वाफ्यावर स्वतः करून बघून. लोकांचं आठ्या म्हणणं काही पूर्ण थांबलं नव्हतं. नावं अशी जात नाहीत. सगुणा नवऱ्याला पंचायतीत पुढे बसवते आणि स्वतः मागे उभी राहते, असं सखाराम सांगायचा. पूर्वी ती इतकं बोलायची, आता फारशी बोलत नाही.

१९९६च्या हिवाळ्यात हेमा डोंबिवलीच्या बाजारात भाजी घ्यायला गेली होती. गल्लीच्या टोकाला सगुणा बसली होती. पुढ्यात माठाच्या आणि मुळ्याच्या जुड्या, बाजूला सुकं किराईत सुतळीने बांधून ठेवलेलं. तिचे केस बरेच पिकले होते. एका गिऱ्हाइकाला ती हाताने काहीतरी समजावत होती, बहुधा काढा कसा करायचा ते.

जाऊन एक जुडी घ्यावी, कशा आहात म्हणून विचारावं, असं हेमाला वाटलं. सगुणाने ओळख दिली नसती तरी चाललं असतं. पण दिली असती तर काय, हे तिला ठरवता येईना. ती तशीच पिशवी धरून थोडा वेळ उभी राहिली. मग सगुणाने मान वर करायच्या आत ती डावीकडच्या गल्लीत वळली. त्या गल्लीत भांड्यांची दुकानं होती. भाजी कुठेच नव्हती.